उशाशी हवी ती पाटी

परभाषेतला, सत्यघटनेवरचा, आतडं पिळवटणारा चित्रपट संपला की आपल्याकडे ठरलेली चार वाक्यं ऐकू येतात. काय जिद्द म्हणायची ही! आपण उगाच लहानसहान गोष्टींवरून कुरकुरतो. तिकडची इस्पितळं बघा आणि आपली बघा. चौथं वाक्य आवाज खाली आणून, बहुधा चप्पल शोधताना: असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं. जुलियन श्नाबेल यांचा 2007 सालचा ‘ल स्काफाँद्र ए ल पापियाँ’ या चारही वाक्यांना मुबलक जागा देतो. तरी चारही वाक्यं मूळ वस्तूला वळसा घालून जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या प्रेक्षकाने जिच्याकडे बघावं ती वस्तू चित्रपटभर समोर येत राहते. ती वस्तू म्हणजे अक्षरांचा एक तक्ता. तो तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये आपल्या भागातल्या प्रत्येक आयसीयूत खाटेला अडकवलेला असावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.

आधी हकिकत. ज्याँ-दोमिनिक बोबी हे ‘एल’ या फ्रेंच नियतकालिकाचे मुख्य संपादक. 8 डिसेंबर 1995 रोजी, वयाच्या 43व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या देठाला झटका आला. सुमारे 20 दिवसांनी ते शुद्धीवर आले तेव्हा बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं सगळं गेलेलं. शिल्लक होती मानेची किंचित हालचाल आणि डावी पापणी. उजवा डोळा मिटेना. उघडा राहून बुबुळाला जखम होऊ नये म्हणून तो टाके घालून बंद करावा लागला. वैद्यकात याला ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ म्हणतात. देठातल्या ‘पॉन्स’ या भागातून खाली जाणाऱ्या तारा तुटतात, वरचा मेंदू मात्र धड असतो. माणसाला ऐकू येतं, कळतं, आठवतं, राग येतो. पापणी उचलण्याची आणि डोळे वर-खाली करण्याची केंद्रं पॉन्सच्या वर, मध्यमेंदूत असल्यामुळे तेवढं वाचतं. म्हणून अशा माणसाला ‘डोळे डावीकडे वळवा’ सांगून काही झालं नाही, तर तो बेशुद्ध आहे असं धरायचं नसतं. ‘वर बघा’ म्हणून पाहायचं असतं.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर बेर्क इथल्या सार्वजनिक इस्पितळात बोबींना तक्ता मिळाला. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नव्हती. फ्रेंचमध्ये जे अक्षर जास्त वेळा येतं ते आधी, असा क्रम लावला होता. समोरच्याने एकेक अक्षर उच्चारायचं, हवं ते आलं की पापणी मिटायची. एका शब्दाला सरासरी दोन मिनिटं आणि सुमारे दोन लाख वेळा मिटलेली पापणी, या हिशोबाने अख्खं पुस्तक लिहून झालं. ते मार्च 1997 मध्ये बाहेर आलं आणि काही दिवसांतच, 9 मार्चला, बोबी गेले.

त्या पुस्तकाच्या आणि त्यावर बेतलेल्या या चित्रपटाच्या नावाचा अर्थ पाणबुड्याचा पोशाख आणि फुलपाखरू. इंग्रजीत जाताना पोशाखाची ‘घंटा’ (‘डायव्हिंग बेल’) झाली. मराठीला त्या वळणावरून जायचं काही कारण नाही. दिग्दर्शक अमेरिकन, पटकथा रोनाल्ड हारवूड यांनी इंग्रजीत लिहिलेली, तरी श्नाबेल यांनी चित्रपट फ्रेंचमध्येच करण्याचा हट्ट धरला. तो रास्त होता. ज्या भाषेतली अक्षरं मोजून तक्ता केला, ती भाषा काढून घेतली तर तक्ताच खोटा पडतो.

मग आपल्याकडे हा चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांवर का दाखवायचा? हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, माचीगड इथे गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. तिथे येणारी निम्मी माणसं वृत्तपत्र सराईतपणे वाचतात, पण पळती इंग्रजी ओळ त्यांच्या हाती लागत नाही. या चित्रपटात तर बराच वेळ पडद्यावर कोणी बोलतच नाही. बोबींचं मनातलं बोलणं चालू असतं आणि कॅमेरा त्यांच्या डाव्या डोळ्याच्या जागी असतो. मनातलं बोलणं निसटलं तर उरतात चेहरे आणि संगीत. रडू त्यावरही येतं. पण ते कुणालाही, कशावरही येईल असं रडू.

मराठी उपशीर्षकं करणं कठीण नाही, कष्टाचं आहे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत 35 ते 40 अक्षरं. ओळ एका सेकंदापेक्षा कमी ठेवली तर दिसून न दिसल्यासारखी होते, सहा-सातपेक्षा जास्त ठेवली तर लोक तीच पुन्हा वाचतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य दोन उपशीर्षकांत मोडलं की पहिल्या तुकड्यावर प्रेक्षक लोंबकळत राहतो, म्हणून प्रत्येक तुकडा जागच्या जागी मिटवावा लागतो. फाईल युनिकोडमध्ये जतन केली नाही तर पडद्यावर चौकोन उमटतात. केली तरी काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात, वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला नेतात. तेव्हा ज्या यंत्रावर दाखवायचं त्याच यंत्रावर आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून बघणं आलं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, ती मागतानाच उपशीर्षकांचंही विचारून घ्यावं.

या चित्रपटात एक खास खड्डा आहे. बोलण्यावर उपचार करणारी थेरपिस्ट अक्षरं म्हणते त्यांचा क्रम रोमन लिपीत ई, एस, ए, आर, आय, एन असा. अनुवादक सवयीने देवनागरीत तसंच, म्हणजे इंग्रजी उच्चाराने, लिहून मोकळा होतो. कानावर पडतं मात्र ‘अ, एस, आ, एर, ई, एन’. म्हणजे ओळीत पहिलं ‘ई’ दिसतं आणि कानाला ‘ई’ येतो पाचव्या जागी. बोबी नेमक्या कुठल्या अक्षराला पापणी मिटतात हे बघणाऱ्याला कळेनासं होतं. फ्रेंच उच्चारच देवनागरीत द्यावेत आणि जुळलेला शब्द पूर्ण झाल्यावर त्याचा मराठी अर्थ द्यावा. इथे मराठी वर्णमाला घालायचा मोह आवरावा. तिची जागा पुढे येणार आहे.

‘सत्यघटनेवर आधारित’ या पाटीबद्दलही दोन शब्द. बोबींना दोन मुलं होती, पडद्यावर तीन आहेत. पडद्यावरची प्रेयसी इस्पितळात पाऊल टाकत नाही. खऱ्या आयुष्यातली मैत्रीण येत होती आणि चित्रपट आल्यावर तिने ते जाहीरपणे मांडलं. मुलांची संख्या बदलली तर कुणाचं काही बिघडत नाही. जिवंत बाईला पडद्यावर पाठ फिरवणारी ठरवणं ही दुसरी गोष्ट आहे, आणि ‘कलेचं स्वातंत्र्य’ म्हणून ती झटकता येत नाही. सभागृहातून बाहेर पडणारा माणूस त्या प्रेयसीला नावं ठेवत पडतो. ती कोणीतरी खरी आहे हे त्याला ठाऊक नसतं. अशा चित्रपटानंतरच्या चर्चेत निदान पाच मिनिटं, कुठे काय बदललं आहे, हे सांगण्यासाठी राखून ठेवावीत. रडू त्याने कमी होत नाही, नेमकं होतं. तक्त्याच्या बाबतीत मात्र चित्रपटाने काही बदललेलं नाही. अक्षरांचा क्रम पुस्तकातला तोच आहे.

आता ते पहिलं वाक्य, जिद्दीचं. जिद्द होतीच. पण तिच्याजवळ रोज कोणीतरी येऊन बसत होतं. थेरपिस्टने पद्धत शिकवली. पुस्तक उतरवून घ्यायला प्रकाशनसंस्थेने क्लोद मांदिबिल यांना पाठवलं. त्या तासन्‌तास तीच अक्षरं पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. एका बाजूला पापणी, दुसऱ्या बाजूला पगार मिळणारा, वेळ असलेला, तीच भाषा बोलणारा माणूस. यातली दुसरी बाजू काढून टाकली तर जगातली कुठलीही जिद्द छताकडे बघत पडून राहते. आपण जिद्दीचं कौतुक करतो ते स्वस्त पडतं म्हणून, अशी शंका येते. जिद्द ज्याची त्याने आणायची असते. तक्ता मात्र कोणीतरी करून द्यावा लागतो.

‘तिकडची इस्पितळं’ हे वाक्यही तपासून घ्यावं. चित्रपटात नाकावर माशी बसते आणि बोबींना ती हाकलता येत नाही. फुटबॉलचा सामना रंगात आलेला असताना कर्मचारी टीव्ही बंद करून निघून जातो. म्हणजे तिकडेही माणसं माणसांसारखीच होती. फरक पैशाचा होता, नाही असं नाही, पण तक्त्यापुरता नव्हता. तक्ता कागदाचा होता.

आपल्याकडे तो कुणाला लागतो? पूर्ण कोंडलेली अवस्था दुर्मीळ. पण शुद्धीवर असून बोलता न येणारी माणसं कुठल्याही मोठ्या इस्पितळात रोज असतात: घशात व्हेंटिलेटरची नळी असलेली, गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेली, गियाँ-बारे या नसांच्या विकाराने किंवा मोटर न्यूरॉनच्या आजाराने लुळी पडलेली. यातल्या बऱ्याच जणांचा हात थोडा हलतो, ती बोटाने अक्षर दाखवू शकतात, तक्ता तोच. इथे एक इशारा देणं भाग आहे. झटक्यात मेंदूची डावी बाजू जाऊन उजवं अंग लुळं पडतं, तेव्हा पुष्कळदा भाषाच विस्कटते. त्या माणसाला अक्षरांचा तक्ता दिला तर तो अडखळेल, चिडेल आणि घरचे म्हणतील, ‘समजत नाही यांना काही.’ त्याला चित्रं, खुणा आणि स्पीच थेरपिस्ट लागतो. कोण कुठल्या गटातला हे थेरपिस्टने किंवा डॉक्टरने आधी ठरवायचं.

सीमाभागात यावर आणखी एक थर चढतो. बेळगावच्या इस्पितळांत खानापूरच्या रानातून, चंदगड-आजऱ्याकडून मराठी माणसं येतात. खाटेजवळची सिस्टर बागलकोटची किंवा विजयपूरची असते, डॉक्टर इंग्रजीत लिहितो, हिंदीत समजावतो. एरवी हे निभतं. हातवारे आहेत, सोबतचं माणूस आहे, ‘नीरु बेका?’ (पाणी हवं का?) एवढं कन्नड कुणालाही येतं. पण हातवारे गेले आणि सोबतच्या माणसाला आयसीयूबाहेर बसवलं, की ‘काय करूलास?’ म्हणत वाढलेला माणूस नेमक्या त्या वेळी भाषेबाहेर फेकला जातो. उलटंही तितकंच खरं. अथणी, रायबाग, चिकोडीकडची कन्नड माणसं उपचाराला मिरजेला जातात. तिथे सिस्टर मराठी बोलते आणि खाटेवरचा माणूस ‘नोवु’ (दुखणं) हा शब्द डोळ्यांत घेऊन पडलेला असतो. म्हणून हा तक्ता बेळगावात मराठी आणि मिरजेत कन्नड, असा वाटून चालणार नाही. दोन्हीकडे दोन्ही लागतील.

पाटीवर कुठली भाषा किती टक्के, यावर आपल्याकडे पुष्कळ डोकी तापली आहेत, आणि त्या वादाला स्वतःची कारणं आहेत. खाटेची पाटी त्या वादात ओढू नये. दारावरची पाटी येणाऱ्याने वाचायची असते, उशाची पाटी बोलू न शकणाऱ्याने वापरायची असते. तिची भाषा त्यानेच ठरवायची. शिवाय ही मागणी दयेची नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं स्पष्टपणे धरली आहेत. वाचा-श्रवणाच्या दोन मोठ्या सरकारी संस्थांपैकी एक म्हैसूरला (1965), दुसरी मुंबईला वांद्र्यात (1983). बेळगावचा रोगी दोन्हींपासून लांब आहे. त्याला दोन्ही भाषांतलं साहित्य एकाच कागदावर लागतं, आणि तो कागद इथेच करावा लागेल.

तो कसा करायचा, हे नीट सांगायला हवं, कारण ‘तक्ता ठेवा’ म्हणून भागत नाही.

सुरुवात हो-नाहीने. एकदा मिटणं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, हे पडद्यावर छान दिसतं. खाटेपाशी ते फसतं, कारण माणूस एरवीही मिनिटाला 15-20 वेळा पापण्या लववतो. म्हणून ‘हो’साठी डोळे वर आणि ‘नाही’साठी दोन सेकंद घट्ट मिटणं, असं काही तरी ठरवावं. मग उत्तर ठाऊक असलेले दहा प्रश्न विचारावेत, निम्म्यांचं उत्तर ‘नाही’ येईल असे. तुमचं गाव खानापूर का? ही तुमची धाकटी मुलगी का? आज पाऊस आहे का? दहातली आठ-नऊ उत्तरं बरोबर आली की पुढे जावं. न आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघावं. संध्याकाळी थकलेला माणूस नापास होतो आणि तो शेरा त्याला कायमचा चिकटतो.

प्रश्नाची घडण हा मराठीतला खास घोटाळा आहे. ‘अण्णा, पाणी नको ना?’ याला ‘हो’ म्हणजे नको, की हवं? ‘कूस बदलू की राहू दे?’ याला हो-नाहीत उत्तरच नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि ‘ना’ शेपूट लावायचं नाही. मायेने बोलणारी माणसंच हे शेपूट जास्त लावतात.

तक्त्याची पहिली बाजू नेहमीच्या गरजांची, कारण दुखतंय हे कुणाला अक्षर-अक्षर जुळवायला लावू नये. बारा-तेरा नोंदी पुरतात: दुखतंय, घसा कोरडा, कफ काढा, कूस बदला, उकडतंय, थंडी वाजते, लघवी-शी, डोळे पुसा, चष्मा, दिवा, टीव्ही, घरच्यांना बोलवा, भीती वाटते. ‘भीती वाटते’ हे घरच्या यादीत सहसा नसतं, ते घालावंच. प्रत्येक शब्द मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. ‘घसा कोरडा’ला हो आलं म्हणून तोंडात पाणी ओतायचं नाही. गिळणं गेलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. सिस्टरला विचारून ओल्या कापसाने ओठ-जीभ भिजवायची.

दुसऱ्या बाजूला अक्षरं. फ्रेंच तक्ता वारंवारतेवर लावावा लागला, कारण त्यांच्या वर्णमालेला मुळात रचना नाही. ए-नंतर बी का येतो याला उत्तर नाही. आपल्या वर्णमालेला आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह-ळ, शेवटी स्वर. पहिलीत पाठ झालेल्या या ओळी म्हणजे तयार तक्ताच आहे. आधी ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर. ङ आणि ञ वगळून सरळ म्हणत गेलं तर ‘र’ 25व्या जागी येतो. ओळीने विचारलं तर सहावी ओळ, दुसरं अक्षर: आठ उच्चारांत काम होतं. ‘पाणी’तला प सरळ मोजत 19वा आणि ण 13वा, मिळून 32 उच्चार, ओळीने सहा आणि आठ, मिळून 14.

फ्रेंचांसारखी वारंवारतेची मांडणीही करता येते. मराठी वृत्तपत्राचे दोन-चार परिच्छेद घेऊन अक्षरं मोजली की र, त, न, क, य, ल, स, म, ह, व वर येतात आणि झ, ढ, घ, फ, छ तळाला जातात. त्या हिशोबाने पहिली ओळ र-त-न-क-य, दुसरी ल-स-म-ह-व, तिसरी च-प-ण-द-ज, अशी लावली तर ‘मला’ला वर्गांच्या तक्त्यातले 19 उच्चार लागत होते ते आठवर येतात. मोठी बचत आहे. पण ‘पाणी’ 14वरून फक्त 11वर येतं, आणि नवा क्रम सगळ्यांना नव्याने शिकावा लागतो: रोग्याला, बायकोला, गावाहून आलेल्या भावाला, तीन पाळ्यांच्या तीन सिस्टरना. वर्गांचा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. आठवडाभराचं आजारपण असेल तर वर्ग. महिनोन्‌महिने चालणार असेल आणि रोगी स्वतः वेग मागत असेल तर वारंवारता. वारंवारतेचा शास्त्रीयपणा दाखवण्यासाठी पहिल्याच दिवशी तो तक्ता पुढे करू नये.

आणि वर्गांच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट सीमाभागातच कळते. कन्नड वर्णमालेच्या ओळीही याच आहेत. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत तोच क्रम, ळसुद्धा आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, एवढाच काय तो फरक आडवा येतो. तेव्हा देवनागरी अक्षराखाली कन्नड अक्षर लिहिलं की मराठी न जाणणारी सिस्टरही मराठी रोग्याचं म्हणणं उतरवू शकते. तिला अर्थ कळायची गरज नाही. ती आपल्या लिपीत प-ण लिहील, बाहेर बसलेल्या मुलाला वाचून दाखवील, अर्थ तो लावील. रोमन लिपीत ही सोय नाही. तिथे त आणि ट, द आणि ड एकाच अक्षरात कोंबले जातात.

मात्रांचं काय? प्रत्येक अक्षरामागे काना, वेलांटी, उकार विचारत बसलं तर दोघंही दमतात. आधी नुसती व्यंजनं घ्यावीत आणि अडेल तिथेच मात्रा विचारावी. अडतं मात्र हमखास. म-ल: मला, मुलं, माल, मेलो. रोग्याला ‘मुलीला बोलवा’ म्हणायचं असतं आणि उतरवणारा दुसऱ्याच अक्षराला उत्साहाने म्हणतो, ‘मला? काय पाहिजे तुम्हाला?’ बोबींच्या पुस्तकात हाच प्रकार आहे. त्यांना चष्मा हवा होता, ‘ल्युनेत’. अर्ध्या शब्दावरच समोरच्याने विचारलं, चंद्राचं काय करायचं आहे, कारण ‘ल्यून’ म्हणजे चंद्र. म्हणून अंदाज करायचा की नाही हे रोग्याला आधीच विचारून ठेवावं, आणि केलाच तर हो-नाही घेऊन मगच लिहावं. ‘खोडा’, म्हणजे हे अक्षर पुसा, ही खूणही ठरलेली हवी, नाहीतर एक चुकलेलं अक्षर सगळा शब्द ओढत नेतं.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण त्यांच्यावाचूनच जास्त तक्ते बाद होतात. चष्मा असेल तर आधी चष्मा, कानात यंत्र असेल तर ते. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, रोग्याला तोंड काळं दिसतं. खुर्ची घेऊन डोळ्यांच्या पातळीला बसावं. एकाने म्हणावं, दुसऱ्याने लिहावं. एकटं असलं तरी प्रत्येक अक्षर कागदावर उतरवावं, लक्षात राहील या भरवशावर पाचवं अक्षर येईतो दुसरं विसरतं. सेकंदाला एक अक्षर, यापेक्षा घाई नको. दहा-पंधरा मिनिटांनी थांबावं. अक्षरं दोन-तीन सेंटिमीटर उंच, जाड काळ्या मार्करने, पिवळट किंवा पांढऱ्या कागदावर, आणि लॅमिनेशन. खडेबाजारातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तासाभराचं काम आहे. लॅमिनेशन चकचकीत असेल तर वरच्या ट्यूबलाइटची चकाकी पडते, तक्ता किंचित तिरका धरावा.

फोनवर सगळं होतं, डोळ्यांनी चालणारी यंत्रं आली आहेत, हा आक्षेप येईल. आली आहेत, आणि ज्याला परवडतात त्याने जरूर घ्यावीत. पण ती रोजच्या रोज डोळ्याशी जुळवून घ्यावी लागतात, मान जरा कलली की बिनसतात, आणि आयसीयूत नातेवाइकाचा फोन आत नेऊ देतीलच असं नाही. कागदाला यातलं काही लागू नाही.

राहिलं चौथं वाक्य, सुटलेलं बरं. ते क्रूर नाही, बहुतेकदा भीतीतून येतं. चित्रपटात बोबीही एकदा मरण मागतात आणि थेरपिस्ट संतापून खोलीबाहेर जाते. पण ते मागतात, स्वतःच्या अक्षरांत. आणि पुढे पुस्तकही तेच लिहितात. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि बरं होण्याची आशा न उरलेल्या रोग्यांसाठी ती राबवण्याचा आदेश कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने जानेवारी 2025 मध्ये काढला. तो आदेश हवाच होता. पण शुद्धीवर असलेल्या माणसाला काय हवं हे विचारण्याचं साधन खाटेपाशी नसताना, त्याच्या वतीने ‘सुटलेलं बरं’ कोण ठरवतो? घरचे, खाणाखुणांवरून. आणि घरचे कुठल्या मनःस्थितीत असतात, बिलाचा आकडा कुठवर गेलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संमेलनात, महिला मंडळात, गणेशोत्सवात हा चित्रपट लावणाऱ्यांनी शेवटच्या टाळीनंतर पंधरा मिनिटं ठेवावीत. प्रेक्षकांना दोघा-दोघांत बसवावं, एकाने तोंड आणि हात बंद ठेवून तीन अक्षरांचा शब्द डोळ्यांनी सांगावा, दुसऱ्याने उतरवावा. पहिल्या मिनिटात हसणं चालतं, तिसऱ्या मिनिटात दोघंही चिडलेले असतात. मग तयार तक्त्यांचा गठ्ठा मंडळाने जवळच्या इस्पितळात नेऊन द्यावा, सिस्टर-इन-चार्जच्या हातात, कार्यालयात नव्हे.

तक्त्याला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून तो दोरीने खाटेच्या डोक्याकडच्या दांड्याला बांधावा. कपाटात ठेवलेला तक्ता ड्युटी बदलली की नाहीसा होतो. आणि त्यावर चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी लावावी: या माणसाला ऐकू येतं, समजतं, भाषा मराठी, ‘हो’ म्हणजे डोळे वर, ‘नाही’ म्हणजे घट्ट मिटणं. मिरजेत ती आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये लिहावी. बेळगावात आधी कन्नडमध्ये, कारण रात्री दोनला ती वाचणारी सिस्टर बहुधा कन्नड असते.